गाडीचं सर्व्हिसिंग: उस्तादाच्या स्टुलापासून डीलरच्या काउंटरपर्यंत

गेल्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. शिवडीच्या बाजूला कंपनीच्या अधिकृत डीलरचं वर्कशॉप आहे, तिथं. कंपनीचं नाव सांगत नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना ठाऊक आहे की तऱ्हा सगळीकडे सारखीच असते. संध्याकाळी पाचच्या सुमारास मोबाइलवर बिल आलं. १०,३६० रुपये.

मी बिल वाचत बसलो. इंजिन ऑइल १,९६०, ऑइल फिल्टर १६०, एअर फिल्टर ४२०, एसीचा फिल्टर ५४०, लेबर २,४००. इथपर्यंत सगळं समजलं. पुढे एसी डिसइन्फेक्शन ९५०, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ७८०, इंटिरिअर ट्रीटमेंट १,४५०, कन्झ्युमेबल्स १२०. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. सकाळी जॉब कार्डवर सही घेताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने या गोष्टी विचारल्या होत्या, नाही असं नाही. "सर, रेकमेंडेड आहे, करून घेऊ ना?" मी मान हलवली होती. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत या टप्प्याला यातलं काहीही लिहिलेलं नाही, हे मी घरी आल्यावर पाहिलं. म्हणजे करांसकट जवळपास चार हजार रुपये मी केवळ मान हलवल्याचे दिले.

लाजेची गोष्ट अशी की मी मिस्त्रीचा मुलगा आहे. लालबाग आणि काळाचौकीच्या मधल्या एका गल्लीत अब्बांचं गॅरेज होतं. आता ते चुलत भाऊ चालवतो. डीलरच्या वर्कशॉपपासून ते पंधरा मिनिटांवर आहे. तरीही मी गाडी तिथं नेली नाही, कारण वॉरंटी. "बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल सर," हे वाक्य गाडीची चावी हातात देतानाच मला ऐकवलं गेलं होतं, आणि चार वर्षं ते माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं आहे.

वेटिंग लाउंजमध्ये काचेच्या भिंतीपलीकडे माझी गाडी लिफ्टवर चढलेली दिसत होती. काचेवर पाटी होती: ग्राहकांना आत प्रवेश नाही. फुकटची कॉफी पिता पिता मनात आलं, आपण बसलोय ती शिवडी आहे. मुंबईत मोटारकंपनीचा कारभार जिथं उभा राहिला, तिथंच आपण तिचं बिल भरायला आलो आहोत.

एकोणिसावं शतक संपता संपता मुंबईत मोटार आली. ती घेणारे राजे-रजवाडे, पारशी शेटिये, बडे व्यापारी आणि साहेब लोक. गाडी सांभाळायचा तो शोफर. हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ भट्टीत कोळसा घालून आग पेटती ठेवणारा. त्या काळच्या शोफरचं कामही तसंच होतं. गाडी चालवण्यापेक्षा ती चालू ठेवणं अवघड. तेलपाणी, टायर, प्लग, सगळं त्याच्याकडे. मालक पैसे मोजायचा आणि शोफर खरेदी करायचा. या व्यवहारात एक जुना शब्द चोरपावलांनी आला: दस्तुरी. घोडागाडीच्या जमान्यापासून नोकरमाणूस धन्यासाठी जे विकत आणेल त्यावर दुकानदार त्याला काहीतरी देई. चाऱ्यावरची दस्तुरी पुढे पेट्रोलवर आणि टायरवर आली. धन्याला हे माहीत असे. तो कुरकुर करी आणि देई.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. गाड्यांचे सुटे भाग बोटीतून यायचे आणि इथे उभे केले जायचे. शेवरोले हे नाव मुंबईकरांच्या तोंडी बसलं ते तेव्हापासून. गाडीबरोबर कंपनीने विक्रेत्यांची व्यवस्थाही आणली. विक्री कोणी करायची, पार्ट कुठून घ्यायचे, दुरुस्ती कशी करायची, हे सगळं कंपनीच्या सांगण्यावरून.

डीलरच्या बिलाला शिव्या देताना एक गोष्ट आपण विसरतो. हे छापील बिल मुळात ग्राहकाच्या सोयीसाठी आलं. अमेरिकेत १९१० आणि १९२०च्या दशकांत गाडीवाल्यांची मोठी तक्रार होती की दुरुस्तीवाले मनाला येईल तो आकडा सांगतात. फोर्ड कंपनीने त्यावर उपाय म्हणून प्रत्येक कामाला ठरलेला वेळ आणि ठरलेला दर लावून द्यायचा प्रयत्न केला. कारखान्यात जशी माणसाच्या हालचालीची मिनिटं मोजली जात, तशीच दुरुस्तीचीही मोजायची. या कामाला इतकी मिनिटं, म्हणून इतके पैसे. ग्राहकाला आधीच आकडा कळावा, वाद नको. माझ्या बिलावरचे लेबरचे २,४०० रुपये हे त्याच विचाराचं शंभर वर्षांनंतरचं पोर आहे. काम करणाऱ्याला किती वेळ लागला याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. कामाला किती वेळ लागायला हवा हे कुणीतरी लांब बसून ठरवलंय, त्याच्याशी आहे.

मग १९५३ साल उजाडलं. टॅरिफ कमिशनने शिफारस केली की नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा आणि जे देशातच उत्पादन करायला तयार असतील त्यांनी राहावं. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. फोर्डही गेली. कंपन्या गेल्या, पण त्यांच्या गाड्या रस्त्यावरच होत्या. शेवरोले, ब्युइक, फोर्ड मुंबईभर धावत होत्या, त्यांना रोज तेल लागत होतं, ब्रेक लागत होते, आणि नवा पार्ट आणायला परकीय चलन नव्हतं.

अब्बा मुंबईत आले ते १९५८ मध्ये, मंडणगड तालुक्यातल्या गावातून, बाराव्या वर्षी. दोन टाकीजवळच्या एका उस्तादाकडे त्यांना ठेवलं. नागपाडा, मदनपुरा, भायखळा, दोन टाकी या पट्ट्यात अशा उस्तादांची रांगच होती. बहुतेक मुसलमान, काही गोवेकर ख्रिस्ती, काही शीख. पहिलं वर्ष पगार नाही. दुपारचं जेवण आणि ईदला कपडे. हातात पाना लगेच मिळत नसे. आधी रॉकेलमध्ये पार्ट धुवायचे, ते पुसून ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने कागदावर मांडायचे. चुकलं की डोक्यात टपली. आजच्या भाषेत याला बालमजुरी म्हणतात आणि ती होतीच. अब्बांना त्याबद्दल बोललेलं आवडत नाही, पण आम्हा भावंडांपैकी एकालाही त्यांनी सुट्टीत गॅरेजमध्ये बसू दिलं नाही, यावरून काय ते समजावं. भायखळ्यात अंजुमन-ए-इस्लामने १९३६ पासून साबू सिद्दीकच्या नावाने तांत्रिक शिक्षणाची सोय केली होती. पण दोन टाकीच्या गॅरेजमध्ये पार्ट धुणाऱ्या पोराला तिथवर पोचायला आधी शाळेचा दाखला हवा होता.

त्या उस्तादाकडे अब्बांनी कंपनी निघून गेलेल्या गाड्या जिवंत ठेवायला शिकलं. पार्ट मिळत नसेल तर चोर बाजारात दुसऱ्या गाडीचा शोधायचा आणि घासून बसवायचा. नाहीच जमलं तर लेथवर बनवून घ्यायचा. डीलर नव्हता, पुस्तक नव्हतं, वॉरंटी तर ऐकलेलीही नव्हती.

पुढे फियाटचं राज्य आलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला फियाट ११०० बनवू लागली. तीच पुढे बदलत बदलत सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. गाडी बुक केली की वर्षानुवर्षं थांबायचं. विकत घ्यायला लोक रांगेत उभे असताना विक्रेत्याने गिऱ्हाइकाची मनधरणी का करावी? गाडी हातात पडली की तिची पुढची सगळी जिंदगानी मिस्त्रीकडे. इंजिन १,०८९ सीसी, साधं, झाकण उघडलं की सगळं समोर दिसणारं. पॉइंट पॉलिश पेपरने साफ करायचे, प्लगचा गॅप बघायचा, टॅपेट सेट करायचे, कार्बोरेटर उघडून धुवायचा, ग्रीसिंग, ऑइल बदली. अब्बा गाडी चालू ठेवून बॉनेटवर तळवा टेकायचे आणि डोळे मिटायचे. चौथा सिलिंडर उचलत नाहीये, हे त्यांना हातातून कळायचं.

अब्बांनी स्वतःचं गॅरेज थाटलं १९७६ मध्ये. पैशाचा व्यवहार कसा होता ते सांगायला हवं, कारण मुद्दा तोच आहे. बिल नव्हतं. एक चौपदरी वही होती. टॅक्सीवाले आठवड्याला पैसे द्यायचे, खासगी गाडीवाले काम झाल्यावर. गिऱ्हाईक स्टुलावर बसून काम बघायचं. जुना पार्ट काढला की तो कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला जायचा. मग गिऱ्हाईक स्वतः किंवा गॅरेजचा पोरगा ऑपेरा हाऊसला जायचा. केनेडी ब्रिज आणि लॅमिंग्टन रोडच्या तोंडाशी स्पेअरपार्टची दुकानं. दुकानदार विचारायचा, "ओरिजिनल देऊ का लोकल?" या एका प्रश्नात अख्ख्या शहराचं अर्थशास्त्र होतं.

अब्बा धुतल्या तांदळासारखे होते असं मी म्हणणार नाही. पोरगा पार्ट आणायला गेला की दुकानदार रुपयामागे काही पैसे बाजूला ठेवायचा. महिन्याच्या शेवटी ते अब्बांकडे यायचे. गिऱ्हाइकांना हे माहीत होतं. एक गिरणीतले हेडक्लार्क दरवेळी म्हणायचे, "मिस्त्री, तुमची दस्तुरी धरून सांगा." अब्बा हसायचे आणि धरूनच सांगायचे. खंडेनवमीला गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा व्हायची. नारळ शेजारचे काका फोडायचे, झेंडूची माळ प्रत्येक गाडीला अब्बा स्वतः घालायचे. शुक्रवारी दुपारी एक ते अडीच शटर अर्धं खाली.

जानेवारी १९९३ मध्ये ते शटर दीड महिना पूर्ण खाली राहिलं. आत पाच टॅक्सी अडकल्या होत्या. चाव्या शेजारच्या काकांकडे होत्या. त्यांनी शटरला स्वतःचं कुलूप लावून ठेवलं होतं, म्हणून गॅरेज वाचलं. उघडल्यावर वहीतली जवळपास सगळी उधारी परत आली. काही जण तर न मागता देऊन गेले. पण दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं पुन्हा आली नाहीत. त्यांच्यातले एक रस्त्यात भेटले तेव्हा नजर चुकवत म्हणाले, "आता कंपनीतच देतो गाडी." अब्बांनी विचारलं नाही की का.

तोवर गाडी देण्यासारखी कंपनी आली होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली. तिच्याबरोबर फुकट सर्व्हिसिंगची कुपनं आली आणि शिक्के मारायची पुस्तिका आली. मध्यमवर्गाला या पुस्तिकेचं भारी कौतुक. गाडी विकताना 'फुल कंपनी सर्व्हिस्ड' म्हणता यायचं. १९९३ मध्ये मोटारींना परवान्यातून सूट मिळाली आणि परदेशी कंपन्या पुन्हा दारात आल्या, त्यांच्यात जनरल मोटर्सही होतीच. कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी संगणकावर चालणारं इंधनाचं इंजेक्शन आलं. पुढे धूर मोजायच्या नियमांमुळे गाडी स्वतःचा आजार स्वतःच नोंदवून ठेवू लागली. तो वाचायला यंत्र लागतं, आणि ते यंत्र कंपनी फक्त आपल्या डीलरला देत होती. अब्बांचा तळवा तिथं बंद पडला.

सरकारी दफ्तरातही हा फरक नोंदला गेला. १६ जुलै २००१ पासून गाडीच्या सर्व्हिसिंगवर सेवा कर लागला, तो फक्त 'अधिकृत' सर्व्हिस स्टेशनवर. रस्त्यावरच्या मिस्त्रीला त्यातून वगळलं होतं. २०११ मध्ये कायदा बदलून बाकीचेही त्यात आले, पण छोट्या गॅरेजची उलाढाल करमर्यादेच्या खालीच राहिली. अब्बांची यावर एक कोटी आहे. म्हणतात, "दहा वर्षं सरकार सांगत होतं की ते करतात ती सर्व्हिस. आम्ही करायचो ती खटपट."

आता त्या वॉरंटीकडे येतो. २०११ मध्ये एका ग्राहकाने काही मोटारकंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं खुल्या बाजारात देत नाहीत, त्यामुळे गाडीवाला डीलरच्या दावणीला बांधला जातो आणि मागेल तो भाव देतो, असं तक्रारीचं सार. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचा युक्तिवाद साधा आहे. गाडी घेताना दहा कंपन्यांतून एक निवडता येते. पण घेतल्यानंतर तिच्या पार्टपुरती तीच कंपनी बाजार असते. तिथे तिला कोणी स्पर्धक नाही. म्हणून पार्ट आणि यंत्रं बाहेरच्या गॅरेजलाही मिळायला हवीत, असा आदेश निघाला. त्याच आदेशात असंही होतं की बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण वरच्या पायऱ्या चढत राहिलं. माझ्या कानात मात्र ते चावी देतानाचं वाक्यच राहिलं. आदेश मी वाचला होता, त्यावर एका वर्तमानपत्रात लिहिलंही होतं, आणि तरी गाडी डीलरकडेच नेत राहिलो. अभ्यास आणि भीती डोक्याच्या वेगवेगळ्या खोल्यांत राहतात बहुधा.

२०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं थांबवायचं ठरवलं. १९५४ नंतर दुसऱ्यांदा. सर्व्हिस चालू राहील असं कंपनीने सांगितलं, पण शोरूमला टाळी लागली की गिऱ्हाईक धास्तावतं. त्या सुमारास चुलत भावाच्या गॅरेजमध्ये शेवरोलेच्या स्पार्क आणि बीट येऊ लागल्या. मालक विचारायचे, "कराल ना? कंपनी तर चालली." भाऊ अब्बांना बोलावून आणायचा, नुसतं बघायला. शेवरोलेचं चिन्ह पाहून अब्बा म्हणाले होते, "ही बाई पुन्हा सोडून गेली वाटतं."

जुन्यांतलं जे राहिलं होतं तेही संपलं. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली शेवटची काळीपिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून उतरली. भावाच्या गॅरेजमध्ये आता स्कॅनर आहे, चीनचा, हप्त्यावर घेतलेला. त्याचा मुलगा साबू सिद्दीकमधून शिकला आणि अंधेरीत एका डीलरकडे टेक्निशियन लागला. आपल्याच गॅरेजमध्ये का नाही, असं मी त्याला विचारलं होतं. पगार वेळेवर मिळतो, पीएफ आहे, हे त्याने सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाला, "आणि तिथं गिऱ्हाईक आपल्याला बघत नाही ना, चाचा. नाव कोण विचारतो?"

बिल भरून झाल्यावर मी गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. सकाळचा अ‍ॅडव्हायझर तिथंच उभा होता, पंचविशीतला. डिसइन्फेक्शनचा विषय मीच काढला. तो मोकळेपणाने म्हणाला, "टार्गेट असतं सर. महिन्याला इतके करायचेच." त्यावर त्याला काहीतरी मिळतं. दस्तुरी, मी मनात म्हटलं. फरक एवढाच की हेडक्लार्क काकांना ती धरून आकडा सांगितला जायचा, मला ती 'ट्रीटमेंट' म्हणून विकली गेली.

संध्याकाळी गाडी घराखाली लावली आणि अब्बांना बिल दाखवलं. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. भिंग घेऊन एकेक ओळ वाचली. ट्रीटमेंटपाशी थांबले, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चल खाली."

मी बॉनेट उघडलं. त्यांनी डिपस्टिक काढली, रुमालाला पुसली, पुन्हा घालून काढली. तेल अंगठ्यावर घेऊन चोळलं. लेव्हल बरोबर होती. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा एकेक दाबून पाहिल्या. बॅटरीच्या टर्मिनलवर बोट फिरवलं. तिथं ग्रीसचा पातळ हात दिलेला होता, बिलात त्याची कुठेही ओळ नव्हती. ऑइल फिल्टरच्या आजूबाजूला तेलाचा थेंबसुद्धा नव्हता, सगळं फडक्याने कोरडं केलेलं.

"पोराचा हात चांगला आहे," अब्बा म्हणाले. "कुणी केलं हे?"

मी मोबाइल काढून बिल वर-खाली केलं. अ‍ॅडव्हायझरचं नाव होतं, त्याचा नंबर होता, मॅनेजरचं नाव, जीएसटी क्रमांक, तक्रारीसाठी टोल फ्री नंबर.

"माहीत नाही, अब्बा."

त्यांनी बॉनेट खाली आणलं, आपटलं नाही, दोन्ही तळव्यांनी दाबून बंद केलं. मगरिबची वेळ होत आली होती. माझ्या खांद्याला धरून ते जिना चढू लागले.